पकड आणि झीज



या व्याख्यानाचे निमंत्रण घेऊन चिटणीस माझ्या घरी आले, तेव्हा त्यांनी मोठ्या उदारपणे सांगितले, ''विषय आपल्या आवडीचा घ्या, सर. ज्ञानेश्वरी घ्या, तुकोबा घ्या.'' पस्तीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाकडून ही अपेक्षा रास्तच होती. पुढे आठ दिवसांनी मी त्यांना दूरध्वनीवरून विषय कळवला, 'मोटारसायकलचा टायर कसा निवडावा'. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग त्यांनी मला पुन्हा एकदा विषय विचारला आणि मी पुन्हा तोच सांगितला. पत्रिकेवर त्यांनी 'पकड आणि झीज' असे छापले आहे. त्यामुळे आपल्यापैकी काहीजण नवकवितेवर काही ऐकायला मिळेल या समजुतीने आले असतील. त्यांची मी प्रारंभीच क्षमा मागतो.

परंतु हा विषय मी थट्टेने घेतलेला नाही. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे ते आमचे सर विज्ञान शिकवीत. त्यांच्या एका तासाचा आणि माझ्या एका अपघाताचा संबंध आहे, आणि तो तास मी वेळेवर आठवला असता तर तो अपघात बहुधा टळला असता. आज मी बोलणार आहे ते या कबुलीजबाबाचेच निरूपण आहे.

१९६५ सालची गोष्ट. आम्ही नववीत होतो. सरांनी वर्गात एक वीट आणली, एक ताणकाटा आणला आणि घर्षणाचा पाठ सुरू केला. वीट आडवी ठेवून टेबलावरून ओढली, ताणकाट्याचा आकडा एका मुलाने फळ्यावर लिहिला. मग तीच वीट कडेवर उभी करून ओढली. आकडा जवळजवळ तोच आला. घर्षण वजनावर अवलंबून असते, टेकलेल्या जागेच्या आकारावर नाही, हा पाठ्यपुस्तकातील नियम सिद्ध झाला आणि आम्ही वह्या मिटू लागलो. तेवढ्यात सरांनी पिशवीतून सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे काढले, ते विटेच्या आडव्या आणि उभ्या दोन्ही बाजूंना दोऱ्याने बांधले आणि तोच प्रयोग पुन्हा केला. या वेळी दोन आकडे निराळे आले. आडव्या विटेला ओढायला जास्त जोर लागला.

पुस्तकातील नियम मोडलेला पाहून आम्हाला आनंद झाला. सर एवढेच म्हणाले, ''रबर हा नियम पाळत नाही. परीक्षेत मात्र पुस्तकातलाच लिहा.'' मग त्यांनी कारण सांगितले. लाकूड किंवा वीट वरून सपाट दिसली तरी खरोखर टेकते ती थोड्याच टोकांवर. रबर मऊ असते, ते खालच्या पृष्ठभागाच्या खाचाखोचांत शिरते आणि जितकी जागा मिळेल तितके तिथे बिलगते. म्हणून त्याला जागा जास्त दिली की ते जास्त धरून ठेवते. आणि जे जास्त धरते, असे सांगून त्यांनी ट्यूबच्या तुकड्याची खालची बाजू आम्हाला दाखवली. टेबलावर काळ्या रेघा उमटल्या होत्या. तेवढे रबर तिथे राहिले होते.

त्या काळ्या रेघांचा अर्थ मला जून २०१३ मध्ये कळला. मी निवृत्त झालो होतो. १९८४ साली घेतलेली माझी बुलेट गाडी अजून घरात होती; पण महाविद्यालयात रोजचे जाणे संपल्यामुळे ती महिनोन्महिने उभी असे. आम्ही उभयता मंगेशीला दर्शनाला निघालो होतो. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ल्याचा घाट उतरून साखळीला जाण्याचा तो रस्ता आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. पावसाची दुसरी की तिसरी सर नुकतीच येऊन गेली होती. घाटाच्या एका डाव्या वळणावर समोरून ट्रक आला, मी पुढचा ब्रेक थोडा दाबला, आणि पुढचे चाक असे निघून गेले की जणू खाली रस्ताच नव्हता. वेग ताशी तीसच्या पुढे नसावा. मला खरचटण्यावर भागले. सौभाग्यवतींचे उजवे मनगट मोडले. रस्त्याच्या कडेला चिऱ्यावर बसून, मोडलेला हात डाव्या हाताने सावरीत त्या म्हणाल्या, ''अहो, टायर मात्र शाबूत आहे हो तुमचा.''

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्या टायरच्या रेघा अजून चांगल्या खोल होत्या. मीच तो २००६ साली घेतला होता आणि घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारला होता, ''जास्तीत जास्त किलोमीटर कुठला चालेल?'' त्याने सर्वांत टणक टायर दिला आणि तो वचनाला जागला. २०११ मध्ये मागचा टायर गोटा झाला म्हणून मी तो बदलला. पुढचा बदलण्याचे कारणच दिसत नव्हते. नक्षी होती ना!

आपल्या मध्यमवर्गीय घरांत वस्तू पुरवून वापरणे हा संस्कार आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. त्या संस्काराने टायरकडे पाहिले की आपण फक्त नक्षीची खोली पाहतो. शिल्लक नक्षी म्हणजे शिल्लक टायर, असे आपले गणित असते. हे गणित कुठे चुकते हे समजायला टायर कशाचा असतो ते थोडे पाहावे लागेल.

रबराच्या झाडाचा चीक हा मूळ पदार्थ. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक होऊन तडकते. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी ते गंधकाबरोबर तापवले, तेव्हा ते या दोन्ही दोषांतून सुटले. (गुडइयर स्वतः १८६० मध्ये कर्जबाजारी अवस्थेत वारले. त्यांच्या नावाची प्रसिद्ध कंपनी नंतरची आणि इतरांची.) परंतु नुसत्या गंधकाने शिजवलेले रबर रस्त्यावर फार लवकर झिजते. आरंभीचे टायर पांढरट रंगाचे असत आणि अल्पायुषी असत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रबरात काजळी मिसळण्याची पद्धत रूढ होऊ लागली आणि टायरचे आयुष्य कित्येक पटींनी वाढले. टायर काळा असतो तो या काजळीमुळे. आपल्या शेजारी गोव्यात उसगावला टायरचा मोठा कारखाना आहे. तो ज्या मद्रास रबर फॅक्टरीचा आहे तिची सुरुवात १९४६ साली मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे मुलांचे फुगे करण्यापासून झाली. फुगा आणि टायर एकाच चिकाचे; फरक सगळा मिश्रणाचा.

हे मिश्रण हाच टायरच्या निवडीचा गाभा आहे. डांबरी रस्ता हाताने चाचपून पाहा. त्यात खडीची असंख्य टोके असतात. चाक फिरताना रबर त्या टोकांवर दबते आणि पुन्हा सावरते. मऊ रबर सावकाश सावरते, त्या सावकाशीत थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमावते, आणि हे गमावणे म्हणजेच पकडीचा एक मोठा भाग. दुसरा भाग रबर आणि दगड यांच्या प्रत्यक्ष चिकटण्याचा. कोरड्या रस्त्यावर दोन्ही भाग काम करतात. रस्ता ओला झाला की मध्ये पाण्याचा पातळ थर येतो, चिकटणे कमी होते, आणि भिस्त बरीचशी पहिल्या भागावर उरते. टणक रबर तिथेच कमी पडते. उलट, खडीच्या टोकात खोल शिरणारे मऊ रबर प्रत्येक फेरीला आपला सूक्ष्म अंश रस्त्यावर ठेवून पुढे जाते. सरांच्या टेबलावरच्या रेघा त्याच होत्या.

मग नक्षी कशासाठी? पुष्कळांची समजूत अशी की नक्षी रस्ता धरते. तसे नाही. कोरड्या रस्त्यावर सर्वांत जास्त पकड पूर्ण गुळगुळीत टायरची असते, आणि शर्यतीच्या गाड्या कोरड्या मार्गावर तसेच टायर वापरतात. नक्षीचे काम पाण्याला वाट करून देण्याचे. पाणी गेले की धरायचे काम रबराचे. नक्षी शाबूत आणि रबर निबर अशी स्थिती असली की पाणी बाहेर जाते आणि चाकही जाते. माझ्या बाबतीत हेच घडले. त्यात पहिल्या पावसाची भर पडली. उन्हाळाभर रस्त्यावर साठलेले तेल आणि धूळ पहिल्या सरींनी भिजून त्यांचा बुळबुळीत लेप होतो. चार दिवस पाऊस लागून राहिला की तो धुऊन जातो. म्हणून जुलैच्या मुसळधारेपेक्षा जूनची पहिली सर दुचाकीला अधिक घातक.

रबर निबर होते ते नुसत्या वापराने नव्हे, वयानेही. हवेतील प्राणवायू आणि ओझोन त्याच्यावर काम करीत राहतात. टायरच्या मिश्रणात संरक्षणासाठी मेणासारखे पदार्थ घातलेले असतात. चाक फिरत राहिले, रबर दबत-सावरत राहिले की ते पृष्ठभागाकडे येत राहतात. उभ्या गाडीला तो लाभ नीट मिळत नाही. मी गाडी कमी वापरतो म्हणून टायर जपला जातो, अशी माझी समजूत होती. ती उलटी निघाली.

टायरचे वय ओळखणे मात्र अगदी सोपे आहे आणि हे मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. टायरच्या कुशीवर, बारीक अक्षरांच्या गर्दीत, लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. काही उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करायला आणि दहा वर्षे झाली की नक्षी कितीही उरली असली तरी टायर काढून टाकायला सांगतात. दुकानात नवा म्हणून मिळणाराही टायर किती वर्षांचा आहे हे पैसे देण्यापूर्वी वाचावे. मी मराठीचा प्राध्यापक. आयुष्यभर इतरांना बारकाईने वाचायला शिकवले. माझ्याच गाडीवर लिहिलेले चार आकडे मी सात वर्षे वाचले नाहीत.

आता निवडीकडे वळू. पकड आणि आयुष्य या दोन गोष्टी एकाच टायरमध्ये पूर्णपणे मिळत नाहीत. एकीची किंमत दुसरीत मोजावी लागते. विज्ञानाने हा व्यवहार पूर्वीपेक्षा सुसह्य केला आहे. १९९२ मध्ये मिशेलिन या फ्रेंच कंपनीने काजळीच्या बऱ्याचशा जागी सिलिका वापरलेला मोटारीचा टायर बाजारात आणला. सिलिका म्हणजे वाळूच्याच कुळातील पदार्थ. त्यामुळे टायर रस्त्यावर हलका चालतो, आणि ओल्या रस्त्यावर पकड मिळवण्यासाठी आयुष्याचा पूर्वीइतका बळी द्यावा लागत नाही. पुढे दुचाकीच्या टायरांतही ती आली. दुसरी युक्ती एकाच टायरमध्ये दोन मिश्रणे घालण्याची: मधल्या पट्ट्यात टणक, कडांना मऊ. दुचाकीला ही युक्ती विशेष लागू पडते, कारण ती वळताना कलते. सरळ रस्त्यावर मधला पट्टा झिजतो, वळणावर कडा कामाला येतात. धारवाड-हुबळीकडे सरळ महामार्गावर रोज जाणाऱ्यांच्या मागच्या टायरचा मध्य झिजून सपाट होतो, टायर चौकोनी दिसू लागतो, आणि मग वळणावर कलताना गाडी एकदम कड ओलांडल्यासारखी पडते. अशांनी हे दुहेरी मिश्रण अवश्य विचारावे, अर्थात आपल्या मापात मिळत असेल तर. लहान गाड्यांच्या मापांत ते सहसा मिळत नाही.

दुचाकीच्या टायरवर झिजेचा आकडा छापलेला नसतो. अमेरिकेत मोटारीच्या टायरवर तसा तुलनात्मक अंक असतो. दुचाकीला ती सोय नाही. त्यामुळे आपल्याला नावावरून, दुकानदाराच्या सांगण्यावरून आणि त्याच टायरवर हजारो किलोमीटर गेलेल्या माणसाला विचारून ठरवावे लागते. सरासरी सांगायची तर शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीचा टणक टायर तीस हजार किलोमीटरच्या आसपास सहज जातो, आणि मोठ्या, वेगवान गाडीचा अतिमऊ टायर सात-आठ हजारांतही संपतो.

पैशाचा हिशेब टाळून चालणार नाही, कारण आपण सारे शेवटी तिथेच अडतो. समजा, टणक टायर २,४०० रुपयांना मिळतो आणि ३०,००० किलोमीटर चालतो. म्हणजे किलोमीटरला ८ पैसे. मऊ टायर २,७०० रुपयांना घेतला आणि तो १८,००० किलोमीटरच चालला, तर १५ पैसे. फरक ७ पैशांचा. माझ्यासारखा माणूस वर्षाला ४,००० किलोमीटर गाडी चालवतो; त्याला हा फरक वर्षाकाठी २८० रुपये पडतो. पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरले तरी माझी बुलेट एका किलोमीटरला पावणेतीन रुपयांच्या वर पिते, आणि तिथे मी कधी कुरकुर केली नाही. मनगटाच्या शस्त्रक्रियेचे बिल मी इथे सांगत नाही. सौभाग्यवती समोर बसल्या आहेत.

पण हाच हिशेब दुसऱ्याच्या बाजूने मांडला तर निराळा येतो, आणि तो निराळेपणा मान्य केला नाही तर मी अन्याय करीन. गोव्यात भाड्याने मोटारसायकल चालवणारे 'पायलट' आपण पाहिले आहेत. त्यांचा पिवळा मडगार्ड दुरून ओळखू येतो. दिवसाला शंभर किलोमीटर आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर तेच ७ पैसे वर्षाला २,१०० रुपये होतात. त्या माणसाला 'मऊ टायर घ्या' असा उपदेश खुर्चीत बसून करणे सोपे आहे. पणजीला कदंब बसस्थानकाबाहेर अशाच एका पायलटाला मी विचारले होते. त्याचे उत्तर असे, की मागचा टायर तो टणक घेतो आणि अखेरपर्यंत चालवतो. पुढचा मात्र चांगल्या पकडीचा घेतो आणि एक वर्षाआड मे महिन्यात, पावसाच्या आधी, कितीही शिल्लक असला तरी बदलतो.

या उत्तराने मी चकित झालो, कारण त्यात सगळे शास्त्र होते. इंजिनाचा जोर मागच्या चाकावर येतो, म्हणून ते लवकर झिजते. पुढचे चाक सावकाश झिजते, म्हणजे तिथे मऊ मिश्रण परवडते. आणि ब्रेक लावला की भार पुढे येतो. थांबवण्याचे बरेचसे काम पुढचेच चाक करते. मागचे चाक घसरले तर गाडी शेपूट हलवते आणि पुष्कळदा सावरते. पुढचे घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही. मी नेमके याच्या उलट केले होते: नवा टायर मागे आणि म्हातारा पुढे. एक सावधगिरी सांगतो. पुढचा आणि मागचा टायर शक्यतो एकाच कंपनीचे, परस्परांसाठी केलेले असावेत. आणि रेडियल व साध्या बांधणीचा टायर एकाच गाडीला मनाने एकत्र घालू नये.

हवेबद्दल दोनच वाक्ये. हवा कमी असली तर टायर वाकत राहून तापतो आणि कडांनी झिजतो. जास्त असली तर मधोमध झिजतो आणि टेकलेली जागा कमी होते. माझी गाडी, मी आणि सौभाग्यवती मिळून तीनशे किलोंच्या आसपास भरतो, आणि हा सारा भार रस्त्यावर टेकतो तो दर चाकाला जेमतेम अर्ध्या तळहाताएवढ्या रबरावर. आणखी एक: नवा कोरा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर निसरडा असतो. दुकानातून निघताच मुले गाडी कलवून दाखवतात, ते करू नये.

भाषेच्या माणसाने एक शब्द तरी भाषेचा बोलावा म्हणून सांगतो. 'झिजणे' हा आपल्याकडे गौरवाचा शब्द आहे. चंदन झिजते, आई झिजते, शिक्षक झिजतो, असे आपण निरोपसमारंभात म्हणतो. आमच्या सरांच्या निरोपसमारंभातही कोणीतरी ते म्हटले. सर उत्तरादाखल उभे राहिले आणि म्हणाले की झिजण्यात विशेष काही नाही, चप्पलही झिजते. झिजताना धरले काय ते पाहावे. सभागृहात तेव्हा कोणी हसले, कोणी नाही. सर आयुष्यभर सायकलवरून शाळेत आले. नवा टायर आणला की पुढे घालत आणि पुढचा काढून मागे टाकत. सायकल दुरुस्त करणारा दर वेळी त्यांच्याशी वाद घाली, कारण झिजतो मागचा. मी दहावीत असताना हा वाद स्वतः ऐकला आहे. त्यातून मी काही घेतले नाही.

तो २००६ चा टायर मी टाकून दिला नव्हता. मागच्या अंगणात तो इतकी वर्षे पडून होता. त्याचा वीतभर तुकडा कापून आणला आहे, आणि त्याच मापाच्या नव्या, चांगल्या पकडीच्या टायरचा दुसरा तुकडा टायरच्या दुकानातून मिळवला आहे. दोन्हींवर अंगठ्याचे नख दाबून पाहा. हे शास्त्रशुद्ध मोजमाप नव्हे, त्यासाठी ड्यूरोमीटर नावाचे उपकरण असते; पण फरक नखालाही कळेल. मुख्याध्यापिकाबाई, हे दोन्ही तुकडे शाळेच्या प्रयोगशाळेला देत आहे. नववीच्या मुलामुलींनी ते विटेला बांधून आधी कोरड्या फरशीवर आणि मग ओल्या फरशीवर ओढावेत आणि आकडे फळ्यावर लिहावेत. ताणकाटा प्रयोगशाळेत आहे, असे मला सकाळी शिपाईमामांनी दाखवले. वीट तेवढी आपण द्यावी.